खाटेवरून उतरवू का?

उमरठहून आलेल्या एका अनोळखी बाईंना मी नवऱ्याला ओट्स खाऊ घालायला सांगितलं.

महाडच्या एका दवाखान्यात आम्ही एकाच बाकावर नंबराची वाट बघत होतो. बाई नवऱ्याच्या गोळ्या न्यायला एकट्याच आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं आणि माझं दुखणं एकच, हृदयविकाराचा झटका. मला मात्र मुंबईच्या इस्पितळातल्या समुपदेशक मॅडमचा दर आठवड्याला फोन येतो. काय खाल्लं, किती चाललात, भीती वाटते का. मीही त्यांचाच सूर लावला होता.

बाई मांडीवरच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटं बोटांनी चाचपत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खाण्याचं नाय इचारलं मी. घरी सोडताना 'आराम करा' म्हणाले. चार महिने झाले, ते खाटेवरून उतरले नाय. मी पन उतरू देत नाय. उतरवू का?"

मी मॅडमना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि बाईंच्या हातात दिला.

मॅडम म्हणाल्या, "आधी त्यांना डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले की अंगणात पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवा."

बाईंनी ते तीनदा घोकलं. एवढ्याशा वाक्यासाठी एक माणूस चार महिने आढ्याकडे बघत पडला होता.

बाहेर आल्यावर मी रिक्षात बसलो आणि मोठ्या मनाने म्हणालो, "या, एसटी स्टँडवर सोडतो."

"स्टँड ह्यो काय समोर हाय," बाई म्हणाल्या. "आन तुम्हाला तर दर आठवड्याला सांगतात ना ओ चालायला?"