नानांच्या फाटकावरचा दिवा

ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकू लागलं की नानांना खुर्ची टोचू लागे. दुपारभर ओट्यावर निवांत बसलेला हा माणूस एकदम उठायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा फाटकाशी. मेहरूणच्या आमच्या गल्लीत त्यांच्या येरझाऱ्यांवरून वेळ ओळखून लोक दूध तापवत. मी शेजारी राहायचो. शाळेत दिवसभर शिकवून घरी आलो की त्या चपलांच्या आवाजानं माझं डोकं उठायचं.

या सगळ्याचं कारण फाटकावरचा दिवा. अंधार पडला की आपोआप लागणारा, सेन्सरचा. आणि दिव्याचं कारण अक्का, नानांची बायको. अक्कांना उन्हात सगळं नीट दिसे, पण दिवस कलला की डोळ्यांपुढे पडदा. तरी रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात त्यांना एकटीनंच जायचं असे. एकदा परत येताना त्या फाटकाच्या पायरीवर पडल्या, आणि नानांनी पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. "ज्या दिन माले हात धरीसन आननं पडी, त्या दिनपाईन मी घरमाच बससू." नाना-अक्का मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच बोलत. ही नुसती धमकी नाही, हे नाना ओळखून होते. अक्का घरात बसल्या की खचणार, याची त्यांना भीती होती.

दिवा बसवला त्याच दिवशी त्यानं उघडमीट सुरू केली. लागला, विझला, लागला, विझला. नानांनी आधी वायरमनला नावं ठेवली, मग दुकानदाराला, मग मला, कारण मी हसलो होतो. शेवटी स्टूल घेऊन तासभर दिव्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "डोया चांगला शे, तोंड चुकेल शे. दिवाले सोतानाच उजेड दिसस, त्याले वाटस सकाय व्हयनी." सेन्सरचं तोंड रस्त्याकडे वळवल्यावर त्याला स्वतःचाच उजेड दिसेनासा झाला आणि दिवा गप्प झाला. नाना मात्र झाले नाहीत.

भरदिवसा सेन्सर तपासायचा तर त्यावर तळवा धरायचा आणि थोडं थांबायचं. थांबणं हेच तर नानांना जमत नव्हतं. दिवा लागायच्या आत तळवा काढायचे आणि सेन्सर बिघडला म्हणून दुकान गाठायचे. असे कितीतरी धडधाकट सेन्सर त्यांनी परत केले. दुकानदारानं हात जोडल्यावर मला बोलावणं आलं. "तुम्ही धरा मास्तर, माले धीर नही." मी तळवा धरून स्टुलावर उभा आणि हे खाली फेऱ्या मारताहेत, असे आमचे कित्येक रविवार गेले.

दिवा वेळेवर लागू लागला, तर ती वेळच नानांना पटेना. आपल्याला अंधार वाटतो त्याच्या बऱ्याच आधी अक्कांना वाटे. मग त्यांनी सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावली, रोज थोडी थोडी वाढवत नेली. दिवा उन्हातच लागू लागला. गल्लीत थट्टा झाली. नाना म्हणायचे, "आमना घर रात लवकर येस."

अक्काही त्या दिव्यावरच चालत. तो लागला की देवापुढे निरांजन, मग भाकरी. एकदा वैशाखात भरदुपारी धुळीचं वादळ आलं, आभाळ काळवंडलं आणि दिवा लागला. अक्कांनी निरांजन लावलं, भाकऱ्या थापल्या, ताट वाढलं. नाना निमूट जेवायला बसले, मलाही बसवलं. मी घड्याळाकडे मान वळवली तर असे डोळे वटारले की बस. पहिली भाकरी संपते न संपते तोच वादळ सरलं आणि लख्ख ऊन पडलं. अक्का दारात उभ्या राहून अंगणभर ऊन बघत राहिल्या. नानांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. या तऱ्हेवाईक माणसावर माझा जीव जडला तो तेव्हा.

दिवाळीनंतर नानांच्या छातीत दुखू लागलं. धुळ्याहून मुलगा आला आणि सकाळीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. गाडीत बसतानाही त्यांचे पाय स्थिर नव्हते. "मास्तर, फाटकवर ध्यान ठेवा. तिना हात मातर धरू नका."

संध्याकाळी अक्का नेहमीसारख्या देवळात गेल्या. त्या गेल्यावर मुलाचा फोन आला. नाना गेले होते.

देवळाकडे धावावंसं वाटत होतं, पण फाटकाच्या आतच येरझाऱ्या घालत राहिलो. दिवा लागला. गल्लीच्या टोकाला अक्का दिसल्या. उजेडात आल्यावर त्यांचं पाऊल सरळ पडू लागलं. पायरी चढल्या, फाटक उघडलं.

"कोन शे? मास्तर? दवाखानातून काही फोन उना का?"

"आधी कडी लावा, अक्का."

त्यांनी चाचपत कडी लावली. आता त्या आपल्या पायांनी घरी पोचल्या होत्या. मग मी त्यांचा हात धरला. अक्कांनी तो सोडवून घेतला नाही.