व्हिटबीची बस

सिरिल हेब्डन लीड्समधल्या एका चहागृहात दुपारभर चेलो वाजवायचा आणि सकाळी घरी बसून वाद्यवृंदासाठी हलक्याफुलक्या धुना लिहायचा. रेडिओवाले त्या अधूनमधून घेत. त्या ऐकत लोक इस्त्री करत, बटाटे सोलत. रचणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. सिरिलला त्याचं काही वाटत नसे.

एकोणीसशे बावन्न साली त्याची बायको मेबल क्षयाने आजारी पडली. तिला डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. भेट फक्त शनिवारी. एका शनिवारी ती म्हणाली, "छत बघून बघून कंटाळले रे. कुठेतरी ने मला."

नेणार कुठे? डॉक्टर तिला खाटेवरून उतरू देत नव्हते. सिरिल घरी आला. लग्न झाल्या झाल्या दोघं बसने समुद्रकाठच्या व्हिटबीला गेले होते. तो प्रवासच त्याने वाद्यवृंदासाठी लिहायला घेतला. चढावर धापा टाकणारं इंजिन त्याने ट्रॉम्बोनला दिलं, माळरानावरचा वारा व्हायोलिनना, आणि शेवटच्या वळणावर अचानक दिसणारा समुद्र सगळ्यांना मिळून.

रेडिओवर ती धून लागली तेव्हा नर्सने वॉर्डातला आवाज मुद्दाम मोठा केला. पुढच्या शनिवारी सिरिल गेला तो कौतुकाच्या आशेने.

"समुद्र छान दिसला," मेबल म्हणाली. "पण वाटेत पिकरिंगला चहाला थांबलोच नाही आपण."

"चारच मिनिटं दिली होती रेडिओवाल्यांनी."

"म्हणून काय बस पळवायची? आणि माझ्या नव्या स्कर्टवर कप सांडलास, ते बरं गाळलंस."

परतीच्या वाटेवरच सिरिलने चहाचा थांबा रचला. सगळी वाद्यं गप्प, एकटं क्लॅरिनेट निवांत रेंगाळतंय, आणि मध्येच कप सांडावा तशी एक छोटीशी झांज.

दीडेक वर्षाने मेबल घरी आली. एक फुफ्फुस कायमचं अधू झालं होतं. जिना चढताना ती मध्येच थांबे, तेव्हा सिरिलही बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढून थांबे.

त्या उन्हाळ्यात स्कारबरोला समुद्रकाठच्या मंडपात ती धून वाजली. दोघं पुढच्या रांगेत बसले होते. चहाचा थांबा आला, क्लॅरिनेट विरत गेलं, आणि संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या बाई तर पर्स उचलून उभ्याच राहिल्या.

मेबल वळून त्यांना हळूच म्हणाली, "बसा हो. ड्रायव्हरचा चहा व्हायचाय अजून."

बाई ओशाळून बसल्या. बस सुटली, समुद्र आला, पुन्हा टाळ्या झाल्या. वाद्यवृंदाच्या संचालकांनी सिरिलला उभं राहायची खूण केली. तो जागचा हलेना. मेबलने कोपराने ढोसलं तेव्हा उठला, आणि तिच्याकडेच तोंड करून वाकला.

"वेडा कुठला," ती कुजबुजली. "लोक तिकडे आहेत."