थाळ्या किती लागतात?

परवा सकाळी रिक्षात बसलो, पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला निघाल्यासारखा. शेजारी बाई होत्या. मूळच्या ग्वाल्हेरच्या, आता शाहपुऱ्यात राहतात. समाजकल्याण खात्यात मी अधिकारी असताना त्या माझ्या हाताखाली वस्त्यांमधून फिरायच्या. अरेरा कॉलोनीत, नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या वर्गात मला बोलायचं होतं: लोकांची कामं करायला कोणतं कौशल्य लागतं? बाईंना मी फक्त ‘चला’ म्हटलं होतं.

“साहेब, माझं कसलं ट्रेनिंग काढलंत या वयात?”

“माझं आहे,” मी म्हणालो.

वर्गात प्रत्येकाच्या हातात एक छापील पान होतं. अपंगांच्या सर्वेक्षणाची माझी पद्धत, वर माझं नाव. ते पान बघूनच मला कधी एकदा बोलतो असं झालं.

ते सर्वेक्षण आम्ही दोघांनी केलं होतं. मी दारात उभा राहून विचारायचो, “घर में कोई विकलांग है?” सगळे नाही म्हणायचे. मी ‘निरंक’ लिहून पुढच्या दारी. बाई मात्र पाणी मागायच्या, टेकायच्या, भाजी निवडू लागायच्या आणि मग सहज विचारायच्या, “खाना कितनी थालियों में लगता है?” घरची बाई सात सांगायची. समोर माणसं सहा. बाई भाजी निवडतच राहायच्या. थोड्या वेळाने आतल्या खोलीची कडी निघायची. अशाच एका खोलीतली मुलगी पुढे शाळेत गेली.

अहवालात मी लिहिलं, ‘मी अवलंबिलेली पद्धत.’ मला बढती मिळाली. बाई ज्या पदावर लागल्या, त्याच पदावरून निवृत्त झाल्या. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

परवा मी हे सगळं उभ्याउभ्या सांगून टाकलं. आवाज चढला होता, पण थांबवत नव्हतं. शेवटी म्हणालो, “पानावरचं माझं नाव खोडा. मागच्या रांगेत बसल्यात त्यांचं लिहा.”

तीस माना मागे वळल्या. एका मुलीने विचारलं, “मॅडम, नावाचं स्पेलिंग?”

बाईंनी ते सांगितलं. मग पदर सावरत माझ्याकडे बघून म्हणाल्या, “उशीर केलात साहेब. आणि सांगितलंत तेही अर्धंच. कडी निघाल्यावर आत जाऊन पहिल्यांदा कोणाशी बोलायचं, ते?”

मी कधी आत गेलोच नव्हतो.

“सरका,” म्हणत त्या फळ्यापाशी आल्या. मी मागे जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो आणि शेजारच्या मुलाकडे पेन मागितलं.