चिमूच्या दंडावरचा दोरा

शेवंतीमावशी त्या दिवशी रजेवर असती, तर दोन वर्षांची चिमू आज असती का?

मला नाही सांगता येत. डॉक्टरांना विचारायचं धाडसही झालं नाही.

मावशी आमच्या लहान मुलांच्या आयसीयूत अटेंडंट. मूळची सिंधुदुर्गातली, लग्न होऊन गोव्यात, डिचोलीजवळच्या सर्वण गावी आलेली. मी तिथली डाएटिशियन. नोकरी नवी, कोट नवा, आत्मविश्वास त्याहून नवा.

मावशी जाऊन आज बारा दिवस झाले.

चिमू पेडण्याची. नाव बदललंय. न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटरवर होती.

रोज तिचं वजन व्हायचं आणि रोज थोडं वाढायचं. मी शीटवर लिहायचे, "आहार पुरेसा." तिची आई दारातून विचारायची, "अंग धरता मां ती?" मी हसून मान हलवायचे.

आठव्या दिवशी मावशी तिचं अंग पुसत होती. मला हाक मारली.

"गो बाये, हंय ये. हो दोरो बघ."

चिमूच्या दंडावर आजीने बांधलेला काळा दोरा होता.

"इली तेव्हा हेच्यात माझा नख जायत नाय होता. आता बोट जाता."

"पण मावशी, वजन वाढलंय तिचं."

"पाय बघ तिचे. सुजले आसत. पाण्याचा वजन ता! पोरगी खंय वाढली?"

मी टेप आणून दंड मोजला. आणि मग कळलं, तुलना कशाशी करणार? पहिल्या दिवशीचं माप माझ्याकडे नव्हतंच.

दोऱ्याकडे होतं.

मग नर्सिंगची नोंद उघडली. मी लिहून दिलेलं फीड आणि नळीतून खरंच पोटात गेलेलं फीड, यात जवळजवळ निम्म्याचा फरक. कधी एक्स-रेसाठी थांबवलेलं, कधी नळी बदलायला. प्रत्येक वेळचं कारण बरोबर होतं.

उपाशी मात्र चिमू होती.

धावत डॉक्टरांकडे गेले. त्याच दिवशी प्लॅन बदलला. पुढे व्हेंटिलेटर सुटला, नळी निघाली. चिमूने पेजेची पहिली वाटी अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या कोटावर सांडली. तो कोट मी दोन दिवस धुतला नाही.

नंतर डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मी ही केस मांडली. सरांनी विचारलं, "वजन वाढत असताना दंड मोजायचं सुचलं कसं?"

"रोजच्या निरीक्षणातून, सर."

खोटं नव्हतं. निरीक्षण रोजचंच होतं. फक्त माझं नव्हतं.

टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. माझे बाबा डिचोलीत खाणीचा ट्रक चालवायचे, घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यांनी तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मी तेवढ्यात आत चहा ठेवायला जायचे.

वर्षभर मावशी समोर आली की माझी नजर खाली.

मग ती आजारी पडली. गेल्या महिन्यात सर्वणला तिच्या घरी गेले. ती चहात उंडो, म्हणजे कडक गोल पाव, बुडवून खात होती. मी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "मावशी, चिमूची केस सांगताना मी तुझं नाव घेतलं नाही."

ती खायची थांबली. "आणि दोऱ्याचा?"

"तेही नाही सांगितलं."

मावशीने मोठ्ठा श्वास सोडला. "देवा म्हाराजा! बरा केलंस गो!"

मला कळेना.

"अगो, आयसीयूत दोरो चलता काय? सिस्टरनी पयल्याच दिवशी कापूक सांगलेलो. तिच्या आजयेन माझे हात धरले. मी तो धुतलंय आणि होतो तसोच घट्ट परत बांधलंय. तू सगळा सांगतलंस तर माझी नोकरी जायत, म्हणान वरीसभर माझीच मान खाली!"

म्हणजे तिचं नाव घेतलं नाही म्हणून मी वर्षभर मान खाली घालत होते, आणि मी ते घेईन म्हणून ती.

दोघी हसलो. तिला खोकला आला, तरी हसलो.

मग मी तिला सांगितलं, चिमू तपासणीला आली होती. वॉर्डभर धावली. आजीने नवा दोरा बांधलाय, जुना आता दंडाला पुरत नाही.

मावशीने डोळे मिटले. "पुरूक नकोच तो," म्हणाली.

मावशी, झोपेतच गेलीस, त्रास झाला नाही, असं तुझ्या सुनेने सांगितलं. ऐकून बरं वाटलं. त्याहून बरं वाटतं ते हे, की मी वेळेत आले होते.

सुखाने जा. आता तुझी नोकरी कोणी काढून घेणार नाही.

म्हणून परवा सोमवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दोरा, बोट, नियम मोडलेला, सगळं. सरांनी ते लिहून घेतलं. आता पहिल्याच दिवशी वजनाशेजारी दंडाचं माप लिहायचं ठरलंय.

आणि त्या केसच्या पहिल्या स्लाइडवर माझ्या नावाच्या वर मी तुझं नाव टाईप केलंय.