तळाची जाड रेघ

पीएच.डी.च्या दिवसांत अलिबागजवळच्या थळहून मुंबईला जाताना माझ्या मांडीवर बर्फाचा थर्मास असे आणि त्यात बोय माशाची गाबोळी, म्हणजे पोटातली अंड्यांची पिशवी. आई बाजारात मासे विकायची. जिवंत बोय माझ्यासमोर कापून ती गाबोळी माझ्या हातावर ठेवायची.

अंडं घडत असताना माशाची अंडपेशी रायबोसोमचा आरएनए कसा बनवते, हा माझा विषय. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना. पुढच्या गर्भाला सुरुवातीला पुरेल एवढी त्याची तयारी अंडपेशी आधीच करून ठेवते.

प्रयोगशाळेत आरएनए जेलच्या थरातून चालवला की मोठे रेणू वर राहतात, छोटे तळाशी उतरतात. रायबोसोमच्या मोठ्या आरएनएच्या दोन ठळक रेघा वर दिसायला हव्या होत्या. माझ्याकडे त्या पुसट, आणि तळाला एकच जाड रेघ. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "आरएनए सडलाय गं. मासा शिळा असणार." असे कितीतरी आठवडे गेले.

एका रविवारी आईला ते सांगितलं. तिचा हात विळीवर थांबला.

"माझा मासा शिळा? तुझ्याच म्होरं कापलाय ना?"

"अगं आये, मॅडम म्हणतात."

"तू न्हेतेस ती सगळी कोवळी गाबोळी. ही पिकलेली पन ने. एकाच टोपलीतली हाय. शिळी असंल तर दोन्ही असंल."

कोवळी गाबोळी काचेसारखी पारदर्शक, पिकलेली पिवळी, दाणेदार. दोन्हींचा आरएनए जेलवर शेजारीशेजारी चालवला. पिकलेलीत वरच्या दोन रेघा लख्ख आल्या. कोवळीत पुन्हा तळाचीच.

मॅडमनी जेलचा फोटो जवळ घेऊन पाहिला. "सडलेला असता तर रेघ इतकी नेटकी आली नसती, सगळा फराटा दिसला असता. हा फाइव्ह-एस आहे. कोवळी अंडपेशी हा छोटा आरएनए आधी साठवते, मोठे मागाहून बनवते. चुकलंच माझं."

मी बाहेर येऊन आईला फोन केला.

"मासा ताजा होता म्हनून सांगितलंस ना तिला?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, चूक झाली."

मग आठवडाभर ती गिऱ्हाइकांना सांगत होती, "माझी बोय मुंबईत परीक्षा देऊन पास झालीय!"

आता आईचे गुडघे गेलेत, बाजार सुटलाय. मी अलिबागला शिकवते. प्रबंधातले आभार मी तिला वाचून दाखवले होते, तो दिवस अजून आठवतो. शेवटपर्यंत ऐकून तिने एवढंच विचारलं, "त्यात बोयचं नाव हाय ना?"