लोणंदचे पाव्हणे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत आहे. हुकलेली बढती, साहेबांच्या शिव्या, गावच्या नाटकात मी लुगडं नेसून उभा राहिलो होतो तेसुद्धा. पण ही एक गोष्ट नाही. आणि तिलाच नाही, तर आणखी कुणाला असणार? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, मी तुमच्या नाही, म्हणून बोलायला बसलोय. बघू जमतंय का.

आधी एक सांगून टाकतो, मी काही झुरणारा माणूस नाही. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, सांगलीला विश्रामबागेत पोराच्या फ्लॅटवर राहतो. सकाळी फिरायला जातो, येताना मेथीची जुडी आणतो, बायको ती उलटीपालटी करून मला नावं ठेवते. नात माझ्या टकलावर तबला वाजवते. जेवण जातं, झोप लागते. झ्याक चाललंय — खोटं कशाला बोलू?

खोटं. हं. तिकडंच यायचंय मला.

गाव माझं लोणंदच्या बाजूला, पण नोकरी सगळी सांगली जिल्ह्यात गेली. त्यातली शेवटची बरीच वर्षं गोपनीय शाखेत. नाव मोठं, काम साधं. सरकारी नोकरीत कुणाची निवड झाली की हजर करून घेण्याआधी त्याची चारित्र्य पडताळणी होते. पोरगं कुठल्या मारामारीत होतं का, संगत कुणाची, घर कसं — हे बघायचं. ठाण्यातल्या नोंदी चाळायच्या आणि साध्या कपड्यात गावात जाऊन चार लोकांना विचारायचं. माझ्या दोन ओळींवर एखाद्याची नोकरी अडायची नाहीतर सुटायची.

आता मला सांगा, गावात पोलिसाला खरं कोण सांगतंय? सगळेच म्हणणार, लय गुणाचं लेकरू हाय सायेब. आणि बांधावरनं भांडण असेल तर तेच लेकरू चोर, दरोडेखोर, सगळं. मी वैतागून जायचो.

मग एकदा एका गावात पानटपरीवर उभा राहून एका पोरीची चौकशी करत होतो. टपरीवाल्यानं चुना लावता लावता सहज विचारलं, "पोरगी बघाय आलाय जनू?" मी हो म्हणालो नाही — आणि नाहीही म्हणालो नाही. आणि काय सांगू तुम्हाला, माणूस असा मोकळा झाला! सोयरिकीची चौकशी म्हटली की आपल्याकडं कुणी हातचं राखत नाही. पोरीचंही वाटोळं होऊ नये आणि पाव्हण्याचंही होऊ नये, असं त्याला मनापासून वाटत असतं. भाऊ पितो का, पोरगी तापट आहे का, म्हाताऱ्या आजीचं दुखणं कुणी काढलं — मी न विचारता त्यानं सांगितलं, आणि सगळं खरं निघालं.

तेव्हापासून मी ती युक्तीच करून टाकली. पोरीची चौकशी असली की मी नवऱ्यामुलाचा चुलता. पोराची असली की पोरीचा चुलता. साहेब खूश. म्हणायचे, तुमचा अहवाल आला की मी डोळे झाकून सही करतो. मीही फुगलो, नव्या पोरांना हे शिकवायला लागलो. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं. चौकशीला येणारे सगळेच पाव्हणे काय सोयरीक करतात?

असं म्हणत म्हणत मी वैशालीच्या गावात पोचलो.

वैशालीची तलाठी म्हणून निवड झाली होती. कृष्णाकाठचं गाव, उसात बुडालेलं. मी पिठाच्या गिरणीवर गेलो, कारण गिरणीवाल्याला घराघरातलं माहीत असतं. नेहमीसारखं सुरू केलं — लोणंदकडचा आहे, पुतण्या मिल्ट्रीत आहे, अमक्याच्या पोरीबद्दल जरा ऐकायचं होतं. त्यानं गिरणीचा पट्टा बंद केला, अंगावरचं पीठ झटकलं आणि माझा हातच धरला. "आवं, मी मामा हाय तिचा! दारात आल्यालं पाव्हणं आसंच जाऊ दीन व्हय?"

तिथंच सांगायचं होतं. हात सोडवून कानात सांगितलं असतं, मामा, मी पोलिस आहे, तर काय झालं असतं? थोडा ओशाळलो असतो. बस्स, एवढंच. पण मी गेलो त्याच्याबरोबर.

घरात पोरीची आई एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरीला तिनंच वाढवलेलं. भाऊ तिला आक्का म्हणायचा. मला बघून बाई जी लगबगीला लागली — मामाला दुकानावर पिटाळलं, सतरंजी झटकली, पाण्याचा तांब्या दिला, पदर सावरत आत गेली आणि शिरा करायला घेतला. आतून रवा भाजल्याचा वास येत होता. वैशाली गोठ्यातनं आली, हातपाय धुऊन समोर बसली. मी विचारलं, राग आल्यावर काय करता? म्हणाली, "शेण काढते काका. गोठा झाडून होईस्तवर जातोय राग." मी मोठ्यानं हसलो. खरंच आवडली मला पोरगी. असा स्वच्छ अहवाल मी पुन्हा कुणाचा लिहिला नसेल.

एवढ्यावर उठलो असतो तरी चाललं असतं. "घरी विचारून कळवतो" म्हणायचं, आणि गाव समजून जातं. पण मामा बोलत होता — शेजारच्या गावच्या एका मास्तरकडून मागणी आली आहे, माणसं चांगली आहेत, रविवारपर्यंत होय-नाही कळवायचं आहे. आणि आक्का दाराआडनं माझ्या तोंडाकडं बघत होती. काय तिच्या डोळ्यांत होतं, मला सांगता येणार नाही. मिल्ट्रीतला जावई दिसत असेल तिला. पोट भरलेलं होतं. शिरा गोड होता. आणि त्या बाईला हसताना बघावंसं वाटलं — खरंच, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "पोरगी आमाला पसंत हाय."

पसंत! पुतण्याचं लग्न होऊन त्याची पोरगी रांगत होती.

त्यांनी मला टॉवेल, टोपी, नारळ दिला. मी घेतला. नाव-पत्ता विचारला तर म्हणालो, आता सगळ्यांना घेऊन मीच येतो. आक्कानं पायावर पाणी घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ती टोपी नवी कोरी होती, आणि — हेही सांगून टाकतो — पुढच्या कितीतरी चौकशा मी तीच टोपी घालून केल्या.

पण तुम्हाला वाटत असेल की माझा गुन्हा हाच. नाही. हा झाला भोचकपणा, मस्ती म्हणा हवं तर. पुढचं सांगायचं म्हणूनच एवढा वळसा घालतोय.

काही महिन्यांनी मी सुट्टीवर गावी गेलो होतो. बाजारच्या दिवशी लोणंदला गेलो आणि दोस्ताच्या कांद्याच्या गाळ्यावर गप्पा हाणत बसलो होतो. समोरून एक माणूस प्रत्येक गाळ्यावर थांबत, काहीतरी विचारत येत होता. चाल ओळखीची वाटली. मग तोंड दिसलं. गिरणीवाला मामा.

मी काय केलं असेल?

मी उठलो आणि कांद्याच्या पोत्यांमागं जाऊन बसलो. उकिडवा. जवळजवळ पन्नाशीचा माणूस, पोलिस खात्यातला — चोराला पोत्यामागनं ओढून काढणारा. दोस्ताला हातानं खूण केली, मी नाही म्हणून सांग.

मामा गाळ्यावर आला. ह्या बाजूचं कुणी पाव्हणं आहे का, पुतण्या मिल्ट्रीत आहे, असं विचारलं. दोस्त हसला, म्हणाला, आमच्याकडं मिल्ट्रीत पुतण्या नाही असं घर दाखवा. मामा हसला नाही. तो पोत्याच्या पलीकडंच उभा होता, मला त्याच्या चपला दिसत होत्या. त्यानं त्या परक्या माणसापुढं सगळं ओतलं. मास्तरची सोयरीक सोडली आमी. त्यानं दुसरी केली. आता गावात लोक म्हणत्यात, पसंत करून गेल्यालं पाव्हणं परत आलं न्हाईत, म्हंजे पोरीचं कायतरी कानावर आलं असणार. मग म्हणाला — हे मला शब्द न् शब्द पाठ आहे — "नसंल करायचं तर नगं म्हणून सांगा म्हणावं. तेवढंच. पर तोंडानं सांगा. पोरीत खोट न्हवती एवढं सांगा."

एवढंच मागायला तो माणूस एसटी बदलत बदलत लोणंदपर्यंत आला होता. मी तिथंच होतो, हात लांब केला असता तर त्याच्या धोतराला लागला असता. आणि मी कांद्याची टरफलं नाकात जाऊ नयेत म्हणून नाकातोंडावर हात धरून बसलो.

तो गेल्यावर बाहेर आलो. दोस्त म्हणाला, काय रं, दुसरं लगीन करतुयास काय गड्या? आणि मी हसलो. पोट धरून हसलो त्याच्याबरोबर.

आता सरळ सांगतो. त्या पोरीचं चारित्र्य स्वच्छ आहे म्हणून मी सरकारला लिहून दिलं, आणि तिच्या गावात तिच्या चारित्र्याला डाग लावून आलो. सरकारनं माझा शब्द खरा मानला, गावानंही खराच मानला. एक शब्द बोलून तो डाग पुसता आला असता, तर मी पोत्यामागं बसलो. भीती कशाची होती? कुणी मारणार नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. पाव्हणा म्हणून जेवलेला माणूस पोलिस निघाला, एवढीच नाचक्की. ती मला झेपली नाही.

वैशाली नोकरीत लागली, हे मला कळलं होतं. इतकी वर्षं मी तेवढं धरून बसलो — पोरीचं भलं झालं की! आणि खरंच सांगतो, विसरलोही होतो.

मग हल्ली हल्ली मतदार यादीच्या पडताळणीला एक बाई आमच्या दारात आल्या. तलाठी आहेत, इकडं बदली झालीय, मागच्या गल्लीच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. माझ्या बायकोला माणसांची हौस. आत बसवलं, चहा टाकला. बाईंनी आमची नावं तपासली, आम्ही कुठले ते विचारलं. बायको म्हणाली, आम्ही लोणंदकडचे.

"अगबाई, लोणंदचे पाव्हणे!" म्हणून त्या बाई खळखळून हसल्या.

मग त्यांनी सांगितलं. गोष्ट म्हणून सांगितलं, हसत हसत. पाव्हणे पसंत करून गेले ते गेलेच, मग गावात कुजबुज, येणारी स्थळं फिरली, लग्न लय उशिरा झालं. नवरा चांगला आहे, पोरगा पहिलीत आहे, तक्रार काही नाही. फक्त आईचं मन लागत नाही. आई आता त्यांच्याकडंच असते. घरात नाहीतर कुणाकडं शिरा केला की म्हणते, माझ्याच हातनं चुकलं बाई, गडबडीत शिरा करपला, म्हणून त्या पाव्हण्यांचं मन फिरलं. पोरीत काही खोट नव्हती, शिराच करपला. वैशालीनं किती समजावलं, ऐकत नाही. गावानं पोरीवर ठेवलेलं बोट म्हातारीनं उचलून स्वतःवर घेतलंय.

मी खुर्चीत बसलो होतो, हातात बशी. पसंत करून आलो तेव्हा मला मिशा होत्या, डोक्यावर केस होते. वैशालीनं मला ओळखलं नाही. माझी बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "कसली मेली माणसं असतात!" आणि माझ्याकडं बघितलं, मी हो म्हणावं म्हणून. मी हो म्हणालो.

आता बायकोची आणि आक्काची गट्टी जमली आहे. संध्याकाळी दोघी कट्ट्यावर बसतात. बायको मला म्हणते, चला की एकदा, गावाकडचं माणूस भेटलं म्हणून त्यांनाही बरं वाटेल. मी म्हणतो, बघू पुढं. सकाळी फिरायला निघालो की मी दुसऱ्या बाजूनं वळतो. तिकडं झाडं जास्त आहेत, असं बायकोला सांगितलंय. फिरून येतो, मेथी आणतो, नातीशी खेळतो, जेवण जातं. सगळं सुरूच आहे.

आणि शिरा करपला नव्हता. केशरी, मोकळा, वर शेंगदाण्याचे दोन-चार तुकडे — बदाम नव्हते घरात म्हणून. मी दुसऱ्यांदा मागून घेतला होता.