शिळ्या पाण्याच्या दोन बादल्या

वच्छलाबाईंच्या घरात शिळं म्हणून काही टिकत नसे. रात्रीची भाकर सकाळी गाईला, आणि पाण्याचं तर विचारूच नका. अकोल्यात नळ रोज येत नाही. आला की अख्खी गल्ली हातातलं काम टाकून धावते. बाकीच्या बायका रिकामी भांडी भरतात. वच्छलाबाई आधी भरलेली भांडी रिकामी करत. माठ, पिंप, कळशा, सगळ्यांतलं जुनं पाणी अंगणातल्या कडुनिंबाला, आणि मग ताजं भरायचं. कडुनिंब असा माजला होता की तारांत गेलेल्या फांद्या छाटायला दरवर्षी वायरमनला बोलवावं लागे.

समोरच्या माणिकबाईंचा कारभार नेमका उलटा. त्यांचं निळं पिंप वरच्या वर भरत राहायचं, तळ कधी कोणी पाहिला नव्हता. "त्या पिंपातल्या पाण्याले नातवंडं झाली असतीन," असं वच्छलाबाई गल्लीभर सांगत. सांगण्यापर्यंत ठीक होतं हो! पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माणिकबाईंनी पुढे केलेला पाण्याचा ग्लास त्यांनी चारचौघींत परत सारला. "मी घरूनच पिऊन आली," म्हणाल्या. माणिकबाईंचा चेहरा पडला, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

वच्छलाबाईंचे यजमान चंद्रभानजी. भातकुलीकडचं शेत बटईनं कसायला देऊन दोघं मुलाकडे राहायला आले, तेव्हा बैलजोडी विकावी लागली. गिऱ्हाईक बैल घेऊन गेलं तरी चंद्रभानजी कितीतरी वेळ गोठ्यात रिकामं दावं हातात धरून उभे होते. अकोल्यात आल्यावर त्यांचं बोलणंच आटलं, जेवण अर्ध्यावर आलं. मुलानं, अमोलनं, मग काचेची पेटी आणि दोन मासोळ्या आणल्या, एक पांढरी आणि एक नारिंगी. चंद्रभानजींनी त्यांना बैलांचीच नावं दिली, ढवळ्या आणि पवळ्या. "पवळ्या पयल्यापासूनच कामचुकार," असं ते पेटीपुढे बसून सांगू लागले आणि हळूहळू पोटभर जेवूही लागले. वच्छलाबाई वरवर टिंगल करत, पण आतून त्या मासोळ्यांवर त्यांचा फार जीव जडला होता. नवरा परत माणसात आला तो त्यांच्यामुळे.

त्या दिवशी चंद्रभानजी मूर्तिजापूरला एका साखरपुड्याला निघाले. जाताना म्हणाले, "जोडीवर लक्ष ठेवजो."

ते गेले आणि नळ आला. माठ झाला, पिंप झालं, मग वच्छलाबाईंची नजर पेटीवर गेली. पाणी जरा पिवळट दिसत होतं. लेकरं इतके दिवस शिळ्या पाण्यात! त्यांनी मासोळ्या पातेल्यात काढल्या, पेटीतलं पाणी कडुनिंबाला ओतलं, काचा घासल्या आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. पाण्याला ब्लिचिंग पावडरचा चांगलाच वास येत होता. त्याचं त्यांना उलट समाधानच वाटलं.

भाजी फोडणीला टाकून येऊन बघतात तो दोघंही वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते. कल्ल्यांची उघडझाप तर बघवेना. ढवळ्या एका अंगावर कलला होता. वच्छलाबाईंनी आधी पंप पाहिला. बुडबुडे नेहमीसारखे येत होते. पाणी तापलं की काय म्हणून बोट घालून पाहिलं. ते गारच होतं. चिमूटभर खाणं टाकलं, त्याला कोणी शिवेना. ओव्याचा काढा द्यावा की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं.

शेवटी त्यांनी ऑफिसात सुनेला, वर्षालीला, फोन लावला. तिनं मासोळ्यांच्या दुकानात विचारून उलट फोन केला.

"आई, पाणी बदललं काय तुमी?"

"बदललं नं. आत्ताच आलेलं, ताजं."

"तेच झालं! त्या ब्लिचिंगनं कल्ले पोळले त्यायचे, श्वास घेता येऊन नाही राहिला. दोन-तीन दिवस उघडं ठेवलेलं पाणी पायजे. त्यात टाका लवकर, अन् वरून धार सोडत राहा, हवा मिसळते. शिळं पाणी असंन नं घरात?"

घरात शिळ्या पाण्याचा थेंब नव्हता. सगळं कडुनिंबानं पिऊन टाकलं होतं. संध्याकाळी चंद्रभानजी येतील ते चपला न काढता आधी पेटीशी जातील. त्यांचं गोठ्यातलं ते तोंड वच्छलाबाईंना दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं.

त्यांनी बादली उचलली आणि समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माणिकबाई मेथी निवडत होत्या.

"माणिकबाई, शिळं पाणी आहे काय वं?"

माणिकबाईंनी मान वर केली. "माह्या घरचं? तुले पायजे?"

"मासोळ्या मरून राहिल्या वं. ह्यायची जोडी." वच्छलाबाईंच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

संक्रांतीपासून माणिकबाईंनी मनात कितीतरी उत्तरं घोळवून ठेवली असतील, आणि आज ती सुनावायचा मोका आयता चालून आला होता. पण त्या मेथी बाजूला सारून उठल्या. "मंग उभी काहून आहेस? भर लवकर!" आणि दुसरी बादली स्वतःच भरून मागोमाग आल्या.

मासोळ्या बादलीत सोडल्या. वच्छलाबाई लोट्यानं उंचावरून धार सोडत बसल्या. हात भरून आला की माणिकबाई लोटा घेत. फोडणीला टाकलेली भाजी केव्हाच करपली होती, गॅस बंद करण्यापुरतं सोडलं तर तिच्याकडे कोणी फिरकलंही नाही. दुपार कलता कलता पवळ्या पोहत तळाशी गेला. ढवळ्यानं फार वेळ घेतला, पण शेवटी तोही सरळ झाला. "जगला वं!" म्हणत वच्छलाबाईंनी माणिकबाईंचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग पेटीतलं नळाचं पाणी ओतून दोघींनी बादल्यांतलं शिळं पाणी भरलं आणि जोडी आत सोडली.

संध्याकाळी चंद्रभानजी आले आणि चपलांसकट पेटीपुढे वाकले. "पाणी बदललं वाटते. जोडी दमल्यावानी दिसून राहिली."

"माणिकबाईच्या घरचं आहे," वच्छलाबाई म्हणाल्या आणि काय झालं ते सगळं त्यांना सांगून टाकलं. ते पेटीवर हात ठेवून उभे राहिले. मग जेवायला बसले आणि करपलेली भाजी मागून घेऊन खाल्ली.

पुढच्या वेळी नळ आला तेव्हा सगळी गल्ली भांडी घेऊन बाहेर होती. वच्छलाबाईंनी आपली कळशी तशीच ठेवली आणि समोरच्या दारात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माणिकबाई, पाणी दे वं प्यायले."

"नळ चालू आहे नं समोर."

"ते ताजं आहे. मले तुह्या पिंपातलं दे."

माणिकबाईंनी संक्रांतीचा तोच ग्लास भरून आणला. वच्छलाबाईंनी तो चारचौघींसमोर उभ्या उभ्या रिकामा केला आणि परत पुढे केला, अजून एक दे म्हणून.